अक्काचं ऊन

होळीची राख अजून चौकात होती, तोवर फोनवर ते आलंच. दरवर्षी येतं. ऊन चढायला लागलं की कुणाच्या तरी फोनमधून निघतं आणि फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचतं. यंदा आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या गटावर आलं. पाठवणाऱ्या बाई काही वर्षं माझ्या शाळेत होत्या, आता मुलाकडे नाशिकला असतात. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे आणि 'सोलापूरकरांचा नाद करायचा नाय' असं लिहिलेलं.

त्या इवल्याशा चौकटीतल्या हलत्या चित्रात एक बाई गच्चीवर उभी आहे. हिरव्या सुती साडीचा पदर डोक्याला घट्ट बांधलेला, मागे पांढरंफटक आभाळ. ती पाण्याच्या टाकीच्या लोखंडी झाकणावर एक कच्चा पापड ठेवते. पापडाच्या कडा हळूहळू उचलतात. आडून एका मुलीचा आवाज येतो, "आई, चल खाली, ऊन लागेल तुला." बाई कमरेवर हात ठेवते, सरळ समोर बघते आणि म्हणते, "ऊन आमाला लागत न्हाय. आमीच उन्हाला लागतो." एवढंच. संपतं आणि आपोआप पुन्हा सुरू होतं.

ती बाई माझी अक्का. सख्खी, थोरली. हे चित्र काढल्यानंतर पंधरवड्याच्या आत ती ऊन लागून गेली.

नाशिकच्या बाईंना हे ठाऊक नाही. ठाऊक असतं तर त्यांनी पाठवलं नसतं, उलट फोन करून हळहळल्या असत्या. म्हणून मी कुणाला काही लिहीत नाही. फोन पालथा ठेवते आणि खिडकीचे पडदे ओढून घेते. कुणी पाहिलं तर त्याला वाटेल, उन्हाळा आला म्हणून पडदे ओढले, एवढंच.

मी जन्मभर भूगोल शिकवला. सोलापूरचे हवामान उष्ण व कोरडे आहे, हे वाक्य मी किती वर्गांना लिहून दिलं असेल. फळ्यावर ते लिहिताना मला त्यात कधी काही भयंकर दिसलं नाही. आमच्यासाठी ऊन म्हणजे घरातलंच एक माणूस होतं. तापट, पण कामाला वाघ. अक्कलकोटकडच्या आमच्या गावात मातीच्या धाब्याचं घर होतं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत शेणानं सारवलेली गार जमीन. अव्वा, म्हणजे आमची आई, उन्हाकडून वर्षभराची कामं करून घ्यायची. मिरच्या, शेवया, सांडगे, गोधड्या, भिजलेलं धान्य, सगळं त्याच्या हवाली. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि माळवदावर, म्हणजे धाब्याच्या गच्चीवर, दोन्हींची खिचडी, असं आमचं बालपण. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मला काखेत मारून ती शिडीनं वर चढायची आणि कावळे हाकलायला बसवायची. तिच्या ओढणीच्या सावलीत मी बसायचे. ती स्वतः उन्हात.

तेव्हा दिवस कितीही तापला तरी संध्याकाळी तो आपला राग आवरायचा. पश्चिमेकडून झुळूक यायची, कडुलिंबाचा मोहोर घमघमायचा, जमीन निवायची. ऊन जायचं आणि उद्या परत यायचं. आता ते जातच नाही. भिंतीत, सिमेंटच्या रस्त्यात, जिन्याच्या कठड्यात मुक्काम करून राहतं. अंधार पडल्यावरही भिंतीला हात लावला तर पाठीमागे चूल पेटलीय असं वाटतं. अक्काच्या घरासमोर एक लिंब होता. रस्ता रुंद झाला तेव्हा तो गेला. त्याच्या जागी मधोमध कुंड्या आल्या, त्यांत कसलीशी परदेशी पानं होती, ती पहिल्याच वैशाखात करपली. साळुंक्या अजूनही त्या जागी येतात, चोच उघडी टाकून तारेवर बसतात आणि थोड्या वेळानं उडून जातात. कुठे जातात कोण जाणे.

अक्का लग्न होऊन सोलापुरात आली ती भांड्यांच्या दुकानदाराच्या घरी. दाजींचं पेठेत छोटं दुकान होतं. विकलेल्या भांड्यावर नाव घालून द्यायचं काम ते स्वतः करायचे. ते नाव घालायचं मशीन आयुष्यभर त्यांच्या कानाजवळ किर्र वाजत राहिलं. या शहरातल्या किती संसारांची नावं त्यांच्या हातची असतील! पण त्यापायी त्यांचे कान गेले. आधी एक, मग दुसरा. अक्का त्यांच्याशी बोलायला लागली की गल्लीला कळायचं आज भाजी कसली. 'जेवायला बसा' हेसुद्धा ती ओरडून सांगायची. आम्ही सगळेच त्यांच्याशी ओरडून बोलायचो. कानाचं मशीन घ्या, म्हणून ती त्यांच्या मागे लागली होती. दाजींचं उत्तर ठरलेलं असायचं. एका मशीननं कान नेले, आता दुसरं कशाला? आणि वर मिश्किलपणे म्हणायचे, तुझं सगळं ऐकू यायला लागलं तर माझं कसं व्हायचं?

त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी. पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. अक्का गेली त्या वर्षी मे महिन्यात ती सुट्टी घेऊन आली होती. शेजारच्या बायका केव्हाच विकतच्या कुरडयांवर आल्या होत्या, पण अक्का दरसाल गहू भिजवायची. सकाळी गच्चीवर घातलेल्या कुरडया दुपारी उलटायला दोघी मायलेकी वर गेल्या. दाजी जेवून खाली आडवे झाले होते. पल्लवीनं गंमत म्हणून फोन काढला. संध्याकाळी तिनं तेवढा तुकडा कापून टाकला आणि दुसऱ्या दिवशी उठून बघते तर सारा महाराष्ट्र तिच्या आईला ओळखत होता.

खोटं कशाला सांगू, ते आठ-दहा दिवस अक्काला फार आवडले. जन्मभर 'भांडीवाल्यांची बायको' म्हणून ओळखली गेलेली बाई ती. आता भाजीवाली तिला बघून हसायची आणि कोथिंबिरीची काडी जास्त टाकायची. रिक्षावाला मागे वळून विचारायचा, मावशी, तुमीच का त्या? मला फोन करून ती रोज सांगायची, आज अमक्या ठिकाणच्या माणसानं ओळखलं, आज तमक्या गावाहून कुणाचा निरोप आला. दाजींना काहीच पत्ता नव्हता. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन. अक्कानं ओरडून सांगायचा प्रयत्न केला, पण रील म्हणजे काय हे गल्लीला ऐकवत समजावून सांगणं तिच्याच्यानं होईना. राहू दे, म्हणाली. त्यांना काय करायचंय.

मग मंगळवेढ्याचं लग्न आलं. दाजींच्या नात्यातलं होतं, पण कान गेल्यापासून ते गर्दीत जायचं टाळायचे, आणि पल्लवी त्याआधीच पुण्याला परतली होती. अक्का गल्लीतल्या दोघीतिघींबरोबर यष्टीनं गेली. अक्षता दुपारच्या. ज्यांनी मे महिन्यात तो रस्ता पाहिला असेल त्यांना मी काय सांगावं? ज्वारी कधीच निघालेली असते, काळी जमीन मैलोन्‌मैल उघडी पडलेली, डोळ्याला टेकायला एक झाड सापडत नाही. मांडवाला पत्र्याचं छत होतं. पण अक्का मांडवात बसली असती तरी निभावलं असतं. लोकांनी तिला ओळखलं. वऱ्हाडातल्या पोरी, नवरदेवाचे मित्र, त्यांच्या आया, सगळ्यांना तिच्याबरोबर व्हिडिओ हवा होता. आणि तो सावलीत कसा काढायचा? वाक्य तर उन्हाचं. तिला बाहेर मोकळ्यात उभं केलं. एकीचं झालं की दुसरी. कुणाचा आवाजच आला नाही, मग परत. बरोबरच्या बायकांनी मला नंतर सांगितलं, अक्का हसत होती. दर वेळी कमरेवर हात ठेवून, तितक्याच ठसक्यात म्हणत होती. एकदा फक्त तिनं पाणी मागितलं. कुणीतरी आणायला गेलं, आणि तेवढ्यात नवरदेवाची मावशी आली फोटोला.

येताना बसमध्ये ती गप्प होती. दमली असेल, असं वाटलं सगळ्यांना.

दाजींना फोनवर काही ऐकू यायचं नाही. ते फोन लावायचे, आपलं बोलायचे आणि ठेवून द्यायचे. दिवेलागणीला माझा फोन वाजला आणि पलीकडून ते म्हणाले, "शोभा, ये की जरा. हिला बरं न्हाय." मी हॅलो म्हणेपर्यंत बंद झाला. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. गेले तर अक्का स्वयंपाकघराच्या फरशीवर गाल टेकून पडली होती. दाजी शेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होते. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि मागे घेतला. ताप आलेलं अंग मला माहीत होतं, हे तसं नव्हतं. घामाचा थेंब नाही, कातडी कोरडी ठाक. तिनं डोळे उघडले, पण माझ्यापलीकडे कुठेतरी बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "अव्वा, नीरु कोडु." आई, पाणी दे. आमची अव्वा जाऊन वीस वर्षं झाली होती.

दवाखान्यात त्यांनी जमेल ते सगळं केलं. बर्फ लावला, सुया टोचल्या. वॉर्डात तिच्यासारखे आणखीही होते, एक रस्त्यावर खडी टाकणारा, एक शेंगा विकणारी म्हातारी. डॉक्टर तरुण होता, त्याचेच ओठ सुकले होते. पहाटे अक्का गेली. कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहून आलं. खरंच होतं ते, हृदय बंदच पडलं होतं. वर्तमानपत्रात पुढे उन्हानं गेलेल्यांची बातमी आली, तिच्यात ती कुठे नव्हती.

आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. दुपारच्या आत उरकायचं म्हणून घाई केली, तरी खड्डा खणणाऱ्यांना वेळ लागला. कुदळ जमिनीत शिरत नव्हती. मी मूठभर माती घेतली तेव्हा तीही गरम होती. गेल्यावर तरी गार जागा मिळेल, असं मला वाटलं होतं.

त्यानंतर जे घडलं त्याची मी कधी कल्पना केली नव्हती. माणूस जातं आणि हळूहळू त्याचा आवाज विसरायला होतो, असं मी आजवर पाहिलं होतं. अक्काचा आवाज मात्र तिच्याशिवाय एकटाच गावभर हिंडायला लागला. तिच्या वाक्याला कुणीतरी खाली ढोलकी लावली. त्या आवाजावर काळे गॉगल लावलेल्या मुली ओठ हलवायला लागल्या, कॉलेजातली पोरं, पोलिसातल्या बायका, कुठल्याशा गावचा एक सरपंचसुद्धा. चेहरे वेगळे आणि आवाज माझ्या बहिणीचा. पुढच्या उन्हाळ्यात मी बाजारातून जात होते. एका कूलरच्या दुकानाबाहेर कर्णा लावला होता आणि त्यातून अक्का बोलत होती. ऊन आमाला लागत न्हाय. मग दुकानाचं नाव, मग पुन्हा अक्का. भर रस्त्यात माझे पाय थांबले. मागून हॉर्न वाजत होते.

मी आत गेले. गल्ल्यावर पन्नाशीचा एक सभ्य दिसणारा माणूस होता. मी सांगितलं, हा आवाज माझ्या बहिणीचा आहे आणि ती उन्हानंच गेली. त्याला वाटलं असावं, बाईला ऊन लागलंय. मग उठला, स्वतः जाऊन कर्णा बंद केला आणि हात जोडले. "ताई, आमाला खरंच माहीत न्हवतं," म्हणाला. "आमी आपलं हसायचं म्हणून लावलं." त्यानं मला कूलरसमोर बसवलं, गार पाणी दिलं. त्याच्यावर काय चिडणार? हसायचं म्हणूनच तर सगळ्यांनी लावलं होतं.

त्या हसण्याचा मी पुष्कळ विचार केलाय. टीव्हीवर दर एप्रिलला कुणी ना कुणी सुटाबुटातला माणूस भर उन्हात तव्याशिवाय आम्लेट करून दाखवतो. तापमानाचा आकडा क्रिकेटच्या धावांसारखा सांगतात, आज अमक्या शहरानं तमक्याला मागे टाकलं. आपणही अभिमानानं पुढे पाठवतो. त्याच बातम्यांत पुढे कुठल्यातरी दूरच्या, थंड म्हणून मी वर्गात शिकवलेल्या देशातले म्हातारे आपापल्या बंद घरांत उन्हानं गेलेले दाखवतात. त्यांच्याकडे पंखेसुद्धा नसतात म्हणे, कधी लागलेच नव्हते. मग जंगलं पेटलेली, मग पूर, मग युद्ध, मग एका मोठ्या गार सभागृहात जमलेले जगाचे पुढारी. ते हात मिळवतात, फोटो काढतात आणि पुढच्या वर्षी भेटायचं ठरवतात. मी भूगोल शिकवायचे तेव्हा जग म्हणजे भिंतीवरचा नकाशा होता, छडीनं दाखवायचा. आता तो नकाशा अक्काच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर येऊन पडला. दूरच्या कारखान्यांचा धूर, तोडलेली झाडं, आमच्याच रस्त्याचं सिमेंट, आणि त्या सगळ्याच्या खाली गाल टेकून पडलेली माझी बहीण. हे मी कुठल्या धड्यात घालू?

पण हे असं म्हणणं मला सोपं जातं. पल्लवीला ते जमलं नाही. तिनं आपल्याकडचं चित्र त्याच आठवड्यात काढून टाकलं. पण ज्यांनी ज्यांनी उचललं होतं त्यांच्याकडे ते राहिलंच. तिनं कितीजणांना विनंत्या केल्या. काहींनी काढलं, काहींनी उत्तर दिलं नाही, एकानं विचारलं, पुरावा काय ती तुमची आई आहे? मे महिन्यात ती सोलापूरला यायची बंद झाली. दिवाळीला यायची, पण गच्चीच्या जिन्याकडे पाठ करून बसायची. एकदा माझ्याकडे आली असताना भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मावशी, मीच तिला तिथे उभं केलं. मी ते काढलंच नसतं तर त्या लग्नात तिला कुणी ओळखलं नसतं."

मी तिला खूप समजावलं. तू काढलंस ते प्रेमानं. ऊन तू तापवलं नाहीस, पत्रे तू घातले नाहीस, लिंब तू तोडला नाहीस. एवढ्या मोठ्या जगाची चूक एकट्या पोरीनं आपल्या डोक्यावर घ्यायची नसते. तिनं ऐकून घेतलं. भाकरीचा तुकडा तसाच हातात. वडिलांना तिनं काहीच सांगितलं नव्हतं आणि आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती. अप्पांना कळता कामा नये. त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की लग्नाला गेली, ऊन लागलं आणि गेली.

दाजींना ऐकू येत नव्हतं, फोनही साधा, म्हणून ते लपलं. पण यंदा होळीनंतर काही दिवसांनी ते न्हाव्याकडे गेले. तिथं शेजारी बसलेल्या एका माणसाच्या फोनमध्ये त्यांना अक्का दिसली. हलणारी, हिरव्या साडीतली, आपल्याच गच्चीवर. त्यांनी त्या माणसाचा हात धरला, म्हणे. तो घाबरला. तसेच अर्ध्या दाढीनं उठले आणि माझ्याकडे आले. दारात उभे राहिले, तर एका गालाला साबण वाळलेला.

मला वाटलं, आता हे विचारतील की हे काय, कुणी काढलं, मला का सांगितलं नाही. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "शोभा, ती कायतरी बोलती त्यात. सगळे हसत्यात. काय बोलती?"

मी ते वाक्य त्यांना ओरडून सांगितलं. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं. शेजारच्या खिडक्यांतूनही ऐकू गेलं असेल. दाजींनी ते माझ्या ओठांवरून टिपलं आणि त्यांना हसू आलं. खरोखरचं, पोट हलवणारं हसू. हसता हसता त्यांनी उपरण्यात तोंड खुपसलं आणि मग ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. मी उठून पाणी आणलं. पाणी प्यायले, गाल पुसला, आणि म्हणाले, "मला कानाचं मशीन घ्यायचंय."

अक्कानं इतकी वर्षं डोकं फोडलं तेव्हा न घेतलेलं मशीन आम्ही दोघांनी जाऊन घेतलं. तपासणाऱ्या मुलीनं त्यांच्या कानात ते बसवलं तेव्हा ते दचकले. पंखा एवढा वाजतो का, म्हणाले. रस्त्यावर आल्यावर प्रत्येक हॉर्नला त्यांचा खांदा उडत होता. मी घरी येऊन पल्लवीला फोन केला आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाजींकडे होते, तर ती दारात उभी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उन्हाळ्यात घरी आलेली.

तिच्याकडे ते मूळचं चित्र होतं, न कापलेलं. ते तिनं कधी कुणाला दाखवलं नव्हतं, मलाही नाही. वडिलांसमोर जमिनीवर बसून ती सांगायला लागली की अप्पा, हे मी काढलं होतं, माझ्यामुळेच लोक आईला ओळखायला लागले आणि त्या लग्नात… दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काढलंस म्हणून हाय की माझ्याकडं," म्हणाले. "लाव."

तिनं लावलं. आधी नुसता वारा, मग गच्चीवरच्या प्लास्टिकची फडफड. मग पापड, मग ते वाक्य. जगाला दिसलेलं इथं थांबतं. मूळचं चित्र पुढे चालू राहिलं. पल्लवी खो खो हसते, फोन हलतो, आभाळ तिरकं होतं. आणि अक्काचा आवाज येतो, त्या ठसकेबाज आवाजापेक्षा अगदी निराळा, खालच्या पट्टीतला, "हळू गं. खाली ते झोपलेत. झोप मोडंल त्यांची."

पल्लवीचा हात फोनकडे गेला, पण दाजींनी तो अडवला. पुन्हा लाव, अशी खूण केली. तिनं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. खिडकीच्या फटीतून आलेली उन्हाची एक रेघ त्यांच्या गुडघ्यावर पडली होती, ती त्यांना जाणवत नव्हती.

"मला तर ऐकूच येत न्हवतं की," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. मग पल्लवीकडे वळून विचारलं, "इतकं हळू बोलायची व्हय ती?"

पल्लवीनं मान डोलावली. माझ्या मनात आलं, या माणसानं गेल्या कित्येक वर्षांत तिचा फक्त ओरडण्याचा आवाज ऐकला. आम्ही सगळ्यांनी जो आवाज ऐकला, माळवदावर मला ओढणीखाली घेताना जो होता, तो त्यांच्यापर्यंत आज आला.

बाहेर रस्ता सामसूम होता, एखादी रिक्षा जायची तेवढीच. मग पल्लवी उठली, डोळे पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "अप्पा, चहा ठेवू?"

तिनं ते इतक्या हळू विचारलं होतं की मी सवयीनं ओरडून सांगायला तोंड उघडलं. पण दाजींनी आधीच मान वर केली होती. "ठेव," ते म्हणाले.